चौसष्ट पॉइंट दोन

बाबांनी अंडं पहिल्यांदा माझ्याकडे सरकवलं तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा बशी टेबलाच्या कडेला आली आणि सोललेलं अंडं घरंगळत माझ्या भूमितीच्या वहीवर, नेमकं वर्तुळाच्या आत, येऊन थांबलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

“बाबा, माझी दोन खाऊन झालीत. हे तुमचं आहे.”

“त्यात मेथिओनिन असतं,” बाबा म्हणाले. अंड्यात पाल पडलीय असं सांगावं, तशा आवाजात.

“असू दे ना. माशांत पण असतं, दुधात पण असतं. सगळं सोडून काय हवा खाणार?”

“बटाटा आहे की.”

बटाटा होता. एकशे ऐंशी ग्रॅम. बाबांनी तो स्वतः मोजून घेतला होता. आमच्या घरात मोजल्याशिवाय काही तोंडात जात नाही, कारण वजनकाट्यांची दुरुस्ती हा बाबांचा धंदा आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. भाजीवाल्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे आमच्याकडे आजारी होऊन येतात आणि बरे होऊन जातात. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला बाबांकडे एक लाकडी पेटी आहे. आत जांभळी मखमल, प्रत्येक खाचेत एक पितळी वजन. ही वजनं म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मानाची मंडळी. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. मऊ चामड्याच्या तुकड्यानेच उचलायचं. मी तीन वर्षांची असताना एकदा पन्नास ग्रॅमचं वजन तोंडात घातलं होतं. ते मला अजून ऐकवलं जातं.

आईचं उलट. तिच्या गळ्यात टेप. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि माणूस बघितला की तिला आधी खांदे दिसतात, मग तोंड.

असे हे दोघे मोजणारे. आणि मधे मी, जिच्यामुळे हे सगळं रामायण झालं.

म्हणजे आजार माझ्यामुळे नाही झाला. बाबांच्या मोठ्या आतड्यात गाठ होती, ती चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी काढली. ऑपरेशन छान झालं. मागे एखादी पेशी लपून राहिली असेल तर तिचा बंदोबस्त करायला दर दोन आठवड्यांनी केमो सुरू झाली. इथपर्यंत माझा काही हात नाही. पण ऑपरेशननंतर बाबा घरी पडून होते तेव्हा आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मी विषय घेतला अमिनो आम्लं. वीस रंगांचे मणी आणले, एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. मणी ओवले की प्रथिनाची माळ होते. मग पोस्टर केलं: ‘कर्करोगाची भूक’. पेशी वाढते म्हणजे तिला माळा करायला मणी लागतात, मणी कुठून येतात तर आपल्या खाण्यातून, वगैरे. मी ते असं काही समजावलं की परीक्षकबाई खुर्ची ओढून बसल्या. दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीला गेला. पहिला कायम ज्वालामुखीलाच जातो, त्याबद्दल मी आता काही बोलत नाही.

पोस्टरची शेवटची ओळ मी वहीत अशी लिहिली होती: ‘मेथिओनिन, सेरीन अशी काही अमिनो आम्लं आहारातून कमी केली तर आतड्यातल्या गाठींची वाढ मंदावते, असं उंदरांवरच्या काही प्रयोगांत दिसलं आहे, माणसांबाबत अजून खात्री नाही.’ पण पोस्टरवर आतडं मी जरा जास्तच उत्साहाने काढलं होतं. ते वळत वळत इतकं खाली आलं, की शेवटच्या ओळीला जागाच उरली नाही. मग मी ओळ ‘मंदावते’वर संपवली आणि पूर्णविराम दिला. उंदीर गेले. खात्री नसलेली माणसंही गेली.

प्रदर्शन संपल्यावर पोस्टर घरी आलं. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, अभिमानाने बघताहेत.

दुसऱ्या दिवसापासून अंडी बंद. मग मासे. मग दूध, चीज, कडधान्यं. मी उंदरांची गोष्ट सांगितली, एकदा नाही, दहादा सांगितली. बाबा म्हणायचे, “प्रोफेसर, छापलेलं एक आणि बोललेलं दुसरं, असं चालतं का? काट्यावर एक आकडा आणि तोंडात दुसरा, असा दुकानदार मी दारात उभा करत नाही.”

“छापलेलं नाही ते, मी स्केचपेनने लिहिलंय.”

“तेच ते.”

हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाई, ज्यांना मी आहारबाई म्हणते, त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं होतं की रोज भरपूर प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, वजन पडलं तर केमो पुढे ढकलावी लागेल. बाबा मान डोलावून आले आणि बटाटा उकडला. आई ओरडायची, रडायची, लपवून अंडं घालायची. एकदा तिने ते पावात इतकं बारीक करून घातलं की मलाही कळलं नाही. बाबांनी पाव काट्यावर ठेवला आणि म्हणाले, “हा अठ्ठावीस ग्रॅम जास्त भरतोय. काय घातलंयस?”

अशा माणसासमोर कोण काय करणार.

फक्त एका गोष्टीवर सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. बाबांचं वजन उतरत नव्हतं. दर केमोला सिस्टर वजन घेत आणि फाइलमध्ये लिहीत, आणि बाबा घरी येऊन फाइल टेबलावर आपटत. “बघा. काही होत नाही मला.”

पाचव्या केमोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई बाबांची पँट घेऊन बसली होती. मी शेजारी. कारखान्यात मोठी ऑर्डर होती, तिला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून या वेळी बाबांबरोबर मी जायचं ठरलं होतं. शाळेला दांडी मारायची रीतसर परवानगी मिळाल्यामुळे मी खुशीत होते.

“ही तिसऱ्यांदा कमी करतेय,” आई दातांत टाचणी धरूनच म्हणाली. “चार इंच गेली कंबर.”

“कापड कापलंस?”

“वेडी आहेस का. आत दुमडलंय. उद्या अंग धरलं तर उसवता यायला नको?”

मी फाइल चाळत होते. उद्या कुठली खोली, कुठला काउंटर, हे बघून ठेवावं म्हणून. पहिली केमो: वजन ६४.२. दुसरी: ६४.२. तिसरी: ६४.२. चौथी: ६४.२.

“आई, चार इंच म्हणजे किती किलो?”

“माझी टेप किलो सांगत नाही गं. का?”

मी परत पहिल्या पानापासून आकडे बघितले. माझ्या कानात बाबांचाच आवाज वाजायला लागला. दुकानात कुणी काटा घेऊन आलं आणि म्हणालं की हा एकदम पक्का आहे, कधीही ठेवा, तोच आकडा, की बाबा हसतात. ‘अहो, जिवंत काटा जरा तरी हलतो. सारखा एकच आकडा दाखवतोय म्हणजे तो अडकलाय.’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. काटा अडकतो. माणूस कसा अडकेल? दोन ग्लास पाणी प्यायलं तरी माणूस हलतो.

बाबा आत झोपले होते. मी दुकानात गेले आणि पेटी उघडली. सगळी वजनं जागेवर. पण दोन किलोच्या वजनाच्या मुठीखाली काहीतरी अडकलं होतं. मी चामड्याच्या तुकड्याने ते उचललं. राखाडी लोकर. एक किलोच्या वजनालाही. अर्ध्या किलोच्या वजनालाही. आमच्या घरात राखाडी लोकरीची एकच गोष्ट आहे, बाबांचा लांब कोट.

तिथेच स्टुलावर बसले. इतका राग आला होता की हसू यायला लागलं. वजनाला बोट लावलं म्हणून मुलीला तेरा वर्षं ऐकवायचं आणि स्वतः ती खिशात घालून हिंडायचं.

आईला सांगितलं असतं तर ती रात्रभर जागली असती आणि सकाळी कामावर सुई बोटात घुसवून घेतली असती. म्हणून नाही सांगितलं. आणि दुसरं, खरं कारण: मला आशा होती की माझा अंदाज चुकीचा ठरेल. सकाळी पेटी उघडली. तीन खाचा रिकाम्या होत्या.

बसस्टॉपवर ऊन होतं. लोक अर्ध्या बाह्यांत उभे. बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून, हातमोजे घालून. त्यांच्या औषधाने थंड वस्तूला हात लागला की मुंग्या येतात, हे खरं होतं, म्हणून कुणी त्यांच्या कोटाला काही म्हणत नसे. हाच तर त्यांचा डाव.

“कोट जड झालाय का हो बाबा?” मी त्यांना एक संधी दिली.

“जुना माल आहे. जडच असतो.”

“मी धरू थोडा वेळ?”

“प्रोफेसर, तू फाइल धर. तेवढं पुष्कळ झालं.”

बसमध्ये ते बसले तेव्हा कोटाचा उजवा खिसा सीटच्या दांडीवर आपटला आणि ठण् असा आवाज झाला. समोरच्या आजींनी वळून बघितलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. मी आजींकडे बघून हसले, दुसरं काय करणार.

मग मी दुसरी संधी पण देऊन टाकली. “बाबा, औषध किती द्यायचं ते कशावरून ठरवतात?”

“वजन आणि उंची.”

“मग वजन चुकलं तर?”

बाबांनी हातमोजा ओढून नीट केला. मग म्हणाले, “थोडं जास्त गेलं तर जास्त मरतील.” पेशींबद्दल बोलत होते. तेव्हा मला कळलं की ते सगळं समजून उमजून करत होते.

केमोच्या विभागात दाराशीच वजनकाटा आहे. उभं राहायचा पाट आणि भिंतीवर लाल आकडे. बाबांच्या पुढे दोनजण होते. मी फाइल छातीशी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, नको बोलू, घरी जाऊन बोल. घरी जाईपर्यंत औषध शिरेतून गेलेलं असणार, हेही मनच म्हणत होतं.

“चला काका,” सिस्टर म्हणाल्या. “कोट असू दे, थंडी वाजते ना तुम्हाला.”

बाबांनी एक पाय पाटावर ठेवला.

“बाबा, कोट द्या माझ्याकडे.”

ते वळले. मी हात पुढे केला होता.

“सिस्टरने असू दे म्हटलंय.”

“सिस्टरना माहीत नाही. मला माहीतेय. खाचा तीन रिकाम्या आहेत. दोन, एक आणि अर्धा.”

मागच्या रांगेतलं कुणी तरी खोकलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, मग कोटाकडे. बाबांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. दुकानात एकदा एका माणसाच्या काट्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा बाबांनी सगळ्यांसमोर काढला होता. त्या माणसाचा चेहरा तसा झाला होता.

त्यांनी सावकाश बटणं काढली. कोट माझ्या हातात आला आणि माझा हात सरळ गुडघ्यापर्यंत खाली गेला. ठण्, ठण्. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला.

लाल आकडे हलले, हलले आणि थांबले. ५९.३. साडेतीन किलो पितळ गेलं, वर कोटाचं वजन गेलं.

शर्टातून बाबांच्या खांद्याची हाडं दिसत होती. घरी ते कायम कोटात नाहीतर स्वेटरमध्ये असायचे. आईच्या टेपने चार इंच सांगितले होते, पण मी बघितलं आत्ता.

मग डॉक्टर आले, आहारबाई आल्या. आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. डॉक्टरांनी फाइल उघडली. त्यांनी विचारलं, “आधीच्या खेपांना खरं वजन किती होतं?” बाबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. रोजची तारीख, रोजचं वजन, पन्नास ग्रॅमपर्यंत. एक दिवस चुकला नव्हता. बाबा खोटं वागू शकतात, पण खोटं लिहून ठेवणं त्यांना जमत नाही. डॉक्टरांनी वही दोनदा वाचली, रक्त पुन्हा तपासायला पाठवलं आणि आजची केमो रद्द केली. “एक आठवडा. वजन उतरायचं थांबलं तर पुढे जाऊ. औषधाचा हिशोबही नव्याने करू. जास्त औषधाने पेशी जास्त मरत नाहीत हो, माणूसच आडवा होतो.”

ते गेल्यावर बाबा आहारबाईंना म्हणाले, “एखादी पेशी उरली असेल, तर तिला मी का पोसू?”

आवाज इतका बारीक होता की माझा सगळा राग क्षणभर कुठे ठेवावा ते कळेना.

आहारबाई टेबलावर कोपरं टेकून पुढे झाल्या. “काका, तुम्ही अंडं खाल्लं नाही म्हणून रक्तातलं मेथिओनिन संपत नाही. शरीर ते दुसरीकडून आणतं. कुठून, माहीतेय? तुमच्या दंडातून, मांडीतून. स्नायू मोडतं आणि माल रक्तात सोडतं. पेशीला मिळायचं ते बरंचसं मिळतंच. उपाशी राहतो तो तुमचा स्नायू. उंदरांवरचं संशोधन खोटं नाही, माणसांवरही बघताहेत लोक, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बटाटा आणि कोट घेऊन नाही.”

बाबांनी दोन्ही तळहात पारड्यांसारखे समोर धरले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी एका पारड्यातून काढलं आणि ते दुसऱ्या पारड्यातून भरून घेतलं गेलं.”

“असंच.”

“मग काटा हललाच नाही.”

“काटा नाही हलला. तुम्ही हललात.”

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. कोट त्यांनी हातात धरला होता. घरी आईने ऐकलं, आधी बाबांवर ओरडली, मग मला म्हणाली, “आणि तू कालच का नाही सांगितलंस?” म्हणजे माझ्याच वाट्याला दोन्हीकडून. दोन दिवस बाबा माझ्याशी मिठासाठीही बोलले नाहीत. “मीठ” असं भिंतीला म्हणायचे. मी भिंतीच्या वतीने मीठ द्यायचे. माझं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरी घरात मीच चोरासारखी वावरत होते. याचं कुणी मला उत्तर द्यावं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि पोस्टर भिंतीवरून उतरवलं. फाडणार होते. पण आतडं खरंच सुंदर आलंय. मग मी एक पांढरी पट्टी कापली, बारीक अक्षरात लिहिली आणि आतड्याच्या शेवटच्या वळणावर चिकटवली: ‘असं उंदरांवरच्या काही प्रयोगांत दिसलं आहे, माणसांबाबत अजून खात्री नाही.’ वळण झाकलं गेलं. जाऊ दे.

बाबा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

“आधी का नाही चिकटवलंस?”

“सांगत होते की. दहा वेळा सांगितलं.”

“सांगत होतीस,” बाबा म्हणाले. “मला ऐकायचं नव्हतं. ओळ चांगली होती. ‘मंदावते’. पूर्णविराम. ऑपरेशननंतर इतकं पक्कं मला कुणी काही सांगितलंच नव्हतं गं. डॉक्टर सगळे ‘बघू’ म्हणतात.”

मी पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला.

“अंडं उकडू?” मी म्हटलं.

“एक.”

“दोन. आहारबाईंनी दोन सांगितलीत.”

“वजन करून सांग आधी. अंडी काही सगळी सारखी नसतात.”

मी कपाळावर हात मारला आणि दोन अंडी काट्यावर ठेवली. एकशे नऊ ग्रॅम. कवचासकट. कवचाचं किती धरायचं यावर आम्ही अंडी उकडेपर्यंत भांडलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो, आईने सुट्टी भांडून घेतली होती. बाबांनी कोट घातला होता आणि हातात ती लाकडी पेटी. केमोच्या विभागाच्या दाराशी त्यांनी पेटी उघडली आणि सिस्टरना म्हणाले, “हरकत नसेल तर आधी हा काटा तपासतो. मागच्या खेपेला माझ्यामुळे तुमच्या काट्याचं नाव खराब झालं.”

“बाबा, रांग आहे मागे.”

“दोन मिनिटं, प्रोफेसर.”

रांगेतले सगळे बघत होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. बाबांनी चामड्याच्या तुकड्याने दोन किलोचं वजन उचललं आणि पाटाच्या मधोमध ठेवलं. भिंतीवर २.०. मग एक, मग अर्धा. ३.५. प्रत्येक वेळी ते वाकले की त्यांचा श्वास ऐकू येत होता, पण मदत करायची नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. वजनं पुसून खाचांत ठेवली, पेटी आईकडे दिली. मग कोट काढला, माझ्या हातात दिला. या वेळी हात खाली गेला नाही. ते पाटावर चढले.

५९.६.

सिस्टरनी आकडा लिहिला. आई टेपशी चाळा करत होती. मी म्हटलं, “तीनशे ग्रॅम वाढलं, बाबा.”

बाबांनी भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे.

“दोनशे धर,” ते म्हणाले. “तुझ्या आईने आज जाड मोजे घातलेत मला.”